चार पास, एकच तोंड

राजन केळशीकरने टीव्हीला लॅपटॉप जोडला तेव्हाच छायाने ओळखलं, की आज जेवण लांबणार. टीव्हीवर एक्सेल उघडलं. हिरवा, पिवळा, निळा, लाल असे चार रकाने होते. वर ठळक अक्षरांत नाव होतं : ‘जॉर्जिया ट्रिप, लिफ्ट पास, फायनल, नवीन फायनल’.

शाळांना डिसेंबरची सुट्टी लागली की निम्मं शारजा जॉर्जियाला पळतं. व्हिसाची फारशी कटकट नाही आणि ऑफिसात फोटो दाखवता येतात. राजनने ठरवलं होतं, की आपण भाड्याची गाडी घ्यायची आणि बर्फाची तीन गावं करायची. प्रत्येक गावात दोन दिवस. प्रत्येक गावाच्या डोंगरावर माणसांना चढवणारे पाळणे, त्यांना लिफ्ट म्हणायचं, आणि लिफ्टला पास लागतो. तिसऱ्या गावाचं नाव राजनला शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. तो त्याला ‘तिसरं’ म्हणायचा. मूळचा डोंबिवलीचा हा माणूस. त्याने आयुष्यात बर्फ पाहिला होता तो पापलेटाखाली.

“नीट ऐका,” राजन म्हणाला. “हिरवा म्हणजे रोजच्या रोज काढायचा. पिवळा एका गावाचा. निळा खालच्या छोट्या उताराचा, शिकाऊ लोकांसाठी. आणि लाल. तिन्ही गावं, सगळ्या लिफ्ट, सहा दिवस, कितीही वेळा!”

“डॅड, वी कान्ट इव्हन स्की,” चौदा वर्षांची अवनी मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली.

“म्हणून तर लाल! जितकं जास्त जाशील तितकं स्वस्त पडतं. दहा वेळा वर गेलीस तर फेरीला चाळीस दिरहम, म्हणजे जवळजवळ हजार रुपये. शंभर वेळा गेलीस तर चार दिरहम, म्हणजे शंभर रुपये. शंभर रुपयांत डोंबिवलीत रिक्षावाला मान पण हलवत नाही.”

“द पास इज फॉर गोइंग अप, डॅड,” बारावीतला निखिल म्हणाला. “डाऊन इज ऑन यू.”

सोफ्यावर रफिक बसला होता. वरच्या मजल्यावरचा शेजारी, इंडस्ट्रियल एरियात त्याचं गॅरेज. दोघे लग्नाआधी एकाच खोलीत एकावर एक पलंगावर झोपलेले, त्यामुळे राजनला तोंडावर बोलायचा परवाना या घरात त्याच्या एकट्याकडे होता. “राजनभाय, पोरगा बरोबर बोलतोय. जिना उतरताना माझा गुडघा कुरकुरतो, आणि तू मला डोंगरावरून उतरवतोस? निळा घे ना, खलास.”

“तू गप रे. चार लाल एकदम घेतले तर डिस्काउंट आहे. मी, निखिल, अवनी आणि तू. बसला हिशोब.”

छाया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “आणि माझा?”

“तुला कशाला पास? तू मस्त खाली कॅफेत बस. बॅगा, पासपोर्ट, थर्मास, कुणीतरी सांभाळायला नको? आणि तुला एस्कलेटरवरसुद्धा चक्कर येते.”

“एकदाच आली होती. तेव्हा अवनी पोटात होती.”

“तेच ते,” राजन म्हणाला आणि लाल रकान्यावर टिचकी मारली.

आता गोष्ट अशी, की त्या घरात स्की येणारं एकच माणूस होतं आणि ते दारात हात पुसत उभं होतं.

दोन उन्हाळ्यांमागे फ्लॅटचा एसी बंद पडला होता. घर भट्टीसारखं तापलं तेव्हा छाया बसने आणि मग मेट्रोने दुबईला गेली आणि एका मॉलमधल्या बर्फाच्या हॉलमध्ये जाऊन बसली. तिथे मंगळवारी सकाळी बायकांसाठी स्कीचा वर्ग चालायचा. शिकवणाऱ्या फिलिपिनो मास्तरणीने विचारलं, “मॅम, यू वॉन्ट टू ट्राय?” वीस वर्षांत या देशात छायाला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्या दिवशी ती सतरा वेळा पडली आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा गेली. मग जातच राहिली. घरी सांगायचं तिने ठरवलं होतं. पण तू सकाळभर काय करतेस, असं कुणी विचारलंच नाही, मग उत्तर तरी कुणाला देणार? मॉलमधला उतार तिला आता पाठ झाला होता. खरा डोंगर मात्र राहिला होता, आणि तो डोंगर या माणसाच्या एक्सेलमध्ये अडकला होता.

राजनने वेबसाइट उघडली. पहिल्या पासासाठी नाव मागितलं, त्याने नाव टाकलं : राजन केळशीकर. फोटो मागितला, त्याने इमिरेट्स आयडीवरचा फोटो टाकला. त्या फोटोत तो नुकताच पकडला गेल्यासारखा दिसतो. दुसऱ्या पासालाही त्याने तेच नाव टाकलं, तोच फोटो.

“डॅड, इट वॉन्ट्स ईच पर्सन्स नेम,” निखिल म्हणाला.

“अरे, सालिकसारखं असतं हे. गाडी कुणीही चालवू दे, टोलचा टॅग माझ्याच नावावर ना? उद्या काही लफडं झालं तर कोण धावणार? तू?”

घराचा करार राजनच्या नावावर होता. वीज, पाणी, इंटरनेट, गाडी, चौघांचे मोबाईल, सगळंच. छायाच्या बँक कार्डावर नाव छायाचं होतं, पण ते राजनच्या कार्डाचं पिल्लू होतं. तिने लिपस्टिक घेतली तरी ओटीपी राजनच्या खिशात वाजायचा, आणि राजन त्याच्या कामावरच्या गोदामातून फोन करायचा, “कसली खरेदी चाललीय?” हा त्याचा एकट्याचा दुष्टपणा नव्हता. इकडे बाईला नवऱ्याच्या व्हिसावर आणतात, कागदावर तो ‘स्पॉन्सर’ आणि ती ‘डिपेंडंट’, आणि व्हिसावर आणलेल्या माणसाला हळूहळू घरातल्या सामानात धरायला लागतात. फ्रीजला कुणी विचारत नाही, तुझं मत काय.

तरी छाया बोलली. “अहो, फोटो प्रत्येकाचा वेगळा मागतायत.”

“छाया, चहाचं झालं का?”

टीव्हीवर तिसरा राजन आला. मग चौथा. चारही राजन मिश्या रोखून तिच्याकडे बघत होते. तिला पुन्हा एकदा सांगता आलं असतं. ती वळली आणि आधण ठेवायला गेली. वीस वर्षांत पहिल्यांदाच चहा करताना तिला मजा वाटली.

रविवारी राजनने हुकूम काढला, “प्रॅक्टिस करायची!” आणि सगळ्यांना घेऊन तो नेमका त्याच बर्फाच्या हॉलमध्ये गेला. छायाने ओढणी कपाळापर्यंत ओढली, पण काउंटरमागून मास्तरीण आनंदाने ओरडलीच, “मॅम छाया! टुडे इज नॉट ट्यूसडे!”

राजन थबकला. “ही तुला कशी काय ओळखते?”

“नूरजहाँभाभींची बिर्याणी जाते इथे स्टाफला,” छाया म्हणाली. “मंगळवारची ऑर्डर असते. मीच आणून देते.”

नूरजहाँ म्हणजे रफिकची बायको. राजनने क्षणभर विचार केला.

“मग डिस्काउंट विचार की तिला!”

डिस्काउंट मिळाला. राजन एका तासाच्या धड्याला उभा राहिला. मास्तरीण सांगायची, गुडघे वाकवा; हा गुडघे ताठ ठेवून विचारायचा, “व्हाय?” मास्तरीण सांगायची, पुढे बघा; हा मागे वळून निखिलला सूचना द्यायचा. मग तो आडवा व्हायचा. एकदा तर तो पालथा पडला आणि एका लहान अरबी मुलाच्या प्लास्टिकच्या घसरगाडीत जाऊन बसला. त्या पोराने न रडता त्याला खाली नेऊन सोडलं.

काचेच्या अलीकडे छाया थर्मास मांडीवर घेऊन बसली होती. तिचे गुडघे आपोआप वाकत होते. मास्तरीण काचेपाशी आली आणि म्हणाली, “मॅम, युवर हजबंड डझ नॉट लिसन.”

“आय नो,” छाया म्हणाली.

गाडीत बसल्यावर तिने मास्तरणीचा निरोप सांगितला. “ती म्हणाली, तुम्ही अजून खालच्या उतारावरच राहा. वर जाऊ नका.”

“तिला काय कळतंय? माझा बॅलन्स आला होता. बर्फच डुप्लिकेट आहे त्यांचा.”

सोमवारी छाया वरच्या मजल्यावर गेली. नूरजहाँच्या स्वयंपाकघरात बिर्याणीचे तीन देग चढले होते. तिचा घरगुती केटरिंगचा धंदा होता. फ्रीजच्या वर भिंतीवर चौकटीत लायसन्स टांगलेलं, त्यावर नाव नूरजहाँचं. रत्नागिरीहून आली तेव्हा हिला रस्ता ओलांडायची भीती वाटायची. आता शारजातले तीन बँकवाले हिला सलाम करायचे. छाया तिला पुरणपोळ्या आणि चकल्या करून द्यायची, त्याचे पैसे रोख. स्कीचे मंगळवार त्यातूनच निघायचे.

“भाभी, माझे जे काही तुमच्याकडे राहिलेत ना, त्यातून मला एक लाल पास काढून द्या. तुमच्या कार्डावरून.”

“आणि रफिकना कळलं तर?”

“सांगू नका.”

“मी कधी काय सांगते त्यांना? माझा ओटीपी माझ्याच फोनवर येतो.” नूरजहाँने हात धुतले, चष्मा लावला आणि वेबसाइट उघडली. “फोटो मागतायत, छाया.”

छायाने मोबाईल चाळला. एकटीचा एकही फोटो सापडेना. प्रत्येक फोटोत बाजूला राजन होता, किंवा राजनचा खांदा, नाहीतर राजनने धरलेली पिशवी.

“उभी राहा त्या फ्रीजसमोर,” नूरजहाँ म्हणाली. “हसू नको... नाही, थांब, हस गं! पासच आहे, व्हिसा थोडाच आहे?”

फोटो झाला. मग नूरजहाँला आठवलं. “आमच्या रफिकच्या पासवर कुठला फोटो लावला? मला तर कुणी मागितला नाही.”

“राजनचा.”

“आणि मुलांच्या?”

“राजनचाच.”

नूरजहाँ कट्ट्याला धरून हसली. डोळे पुसत म्हणाली, “या अल्ला! तू सांगितलं नाहीस?”

“सांगितलं. चहा मागितला.”

“पोरांचं काय होईल मग?”

“छोट्या उताराचं तिकीट तिथल्या तिथे मिळतं. मी बघून ठेवलंय. त्यांना तेवढंच येतं.”

“तुम्ही पण चला ना,” असं छाया जाता जाता म्हणाली, पण नूरजहाँकडे एका लग्नाची ऑर्डर होती आणि थंडीशी तिचं जन्माचं वैर. “तू जा, आणि माझ्या वाटचं पण घसरून ये. इन्शाल्ला, हाडं घेऊन परत ये.”

पहिल्या गावात पोचले तेव्हा ऊन लख्ख पडलं होतं आणि डोंगर इतका पांढरा होता की बघवत नव्हता. काउंटरवरच्या मुलीने चार पास मांडले. चारही राजनच्या हातात पडले. मग तिने आणखी एक पास उचलला आणि हळूच म्हणाली, “मिसेस छाया?” पण राजन तोवर सगळ्यांना रांगेत ढकलत होता. छायाने तो पास बाहीत सारला.

फाटकापाशी पास टेकवला की पडद्यावर फोटो यायचा आणि गार्ड फोटो आणि माणूस ताडून बघायचा. रफिक पुढे झाला. पडद्यावर राजन आला, मिश्यांसकट. रफिकला हातभर दाढी.

“दिस इज नॉट यू,” गार्ड म्हणाला.

“ब्रदर, सेम सेम,” रफिक म्हणाला.

“नो सेम.”

मग अवनी गेली. पडद्यावर पुन्हा राजन. गार्डने अवनीकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि आपल्या दुसऱ्या सोबत्याला बोलावलं, कारण असली गंमत एकट्याने बघायची नसते. मागे रांग वाढली. कुणीतरी शिटी मारली.

राजन पुढे घुसला. “आय ॲम द स्पॉन्सर!”

“स्पॉन्सर ऑफ व्हॉट?” गार्डने विचारलं. त्याने राजनच्या निळ्या जाकिटावर पुढून-मागून नजर फिरवली. कुठल्या कंपनीचं नाव दिसेना.

“ऑफ ऑल! ऑल पीपल माईन!”

काउंटरवर परत वरात गेली. मुलगी शांतपणे म्हणाली, की नाव बदलता येत नाही, पैसे परत मिळत नाहीत, पण काळजीचं कारण नाही. चारही पास साहेबांचेच आहेत, साहेबांनी हवा तो वापरावा.

रफिक खाली बर्फातच बसला. हसून हसून त्याला उभं राहवेना. “राजनभाय, तीस वर्षं गॅरेज चालवतोय, पण एका गाडीला चार नंबरप्लेट मी कधी लावल्या नाहीत!”

“मॉम टोल्ड यू,” अवनी म्हणाली.

“कधी सांगितलं?” राजन गरजला. छायाकडे बघून त्याने पुन्हा विचारलं, “कधी सांगितलंस तू?”

“चहाच्या आधी,” छाया म्हणाली.

रफिक मुलांना घेऊन छोट्या उताराकडे निघाला. मुलं खूश होती. तिथे टायरवर बसून घसरता येत होतं. शहाणा माणूस असता तर त्यांच्यामागे गेला असता. पण चार लाल पास खिशात असताना खाली उभं राहणं राजनला पटेना. वापरला नाही तर फेरी कितीला पडली, हा हिशोब त्याच्या एक्सेलमध्ये बसतच नव्हता. त्याने जादा तीन पास आणि थर्मास छायाच्या हातात कोंबले. “हे सांभाळ. मी दहा-बारा फेऱ्या मारून आलो.”

“अहो, ती मास्तरीण म्हणाली होती—”

“तू कॅफेत बस!”

त्याने भाड्याच्या स्की पायांत चढवल्या आणि पाळणा त्याला उचलून घेऊन गेला. लांबून निखिल ओरडला, “डॅड, डाऊन इज ऑन यू!”

छायाने धावत जाऊन थर्मास रफिकच्या हातात दिला. “रफिकभाय, एवढा धरा.” तीन पास तिने थर्मासच्या पट्ट्याला अडकवले. मग भाड्याच्या दुकानातून बूट, स्की आणि बर्फातला चष्मा घेतला, फाटकापाशी आली आणि बाहीतला पास टेकवला. पडद्यावर एक बाई आली. फ्रीजसमोर उभी, नूरजहाँकडे बघून हसणारी. गार्डने तिच्याकडे बघितलं, मान डोलावली आणि वाट सोडली. एवढंच झालं. मिस्टर कुठायत, असं कुणी विचारलं नाही.

वर पोचल्यावर मात्र ती कडेलाच थांबली. मॉलमधल्या डोंगराला छत होतं. याला नव्हतं. खाली दरी, समोर आभाळ, आणि वारा कानात शिट्ट्या घालत होता. परत फिरावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. मग तिने गुडघे वाकवले, पुढे बघितलं आणि स्वतःला उतारावर सोडून दिलं. पहिल्या वळणाला ती ओरडली. दुसऱ्या वळणाला पण ओरडली, पण ते ओरडणं वेगळं होतं.

तिसऱ्या वळणावर, उताराच्या कडेला, एक निळं जाकीट पडलेलं दिसलं.

राजन बसला होता. त्याची एक स्की पायात होती, दुसरी दहा हात खाली एकटीच उभी होती. घोट्याला हात लावला की तो “आई गं” म्हणत होता. लाल कोटातला बचाव पथकाचा माणूस त्याच्याजवळ वाकून रेडिओवर बोलत होता. रेडिओवरून पलीकडचा विचारत होता, या नावाचे चार जण आहेत, पडलाय तो कितवा?

“आर यू अलोन, सर?” त्या माणसाने विचारलं. “आय टेक यू बाय स्लेज. बट समवन मस्ट कम विथ यू. फॅमिली?”

“वाईफ,” राजन विव्हळला. “बट शी इज डाऊन. इन कॅफे. शी इज अफ्रेड ऑफ एस्कलेटर.”

तेवढ्यात वरून एक बाई आली. आडवी वळली, बर्फाचा फवारा राजनच्या मिश्यांवर उडाला, आणि ती हातभर अंतरावर थांबली. चष्मा कपाळावर सरकवला.

राजन तोंड उघडं टाकून बघत राहिला. “तू?”

“मी.”

“वर कशी आलीस?”

“लाल पासवर.”

“पास कुठला?”

“माझा.”

राजनचा चेहरा घोट्याच्या दुखण्यापेक्षाही वाईट झाला. “पण... मला ओटीपी आला नाही!”

“नाही येणार.”

“आणि हे... हे घसरणं? हे कधी शिकलीस?”

“मंगळवारी.”

“कुठल्या मंगळवारी?”

“सगळ्या.”

लाल कोटवाल्याला यातलं अक्षर कळलं नाही. त्याने राजनला घसरगाडीत आडवं केलं, छातीवरून आणि पायांवरून पट्टे आवळले, एखादी ट्रंक बांधावी तसे. मग छायाकडे वळला. “मॅडम, यू नो धिस मॅन?”

छायाने राजनकडे बघितलं. त्याच्या नाकावर बर्फ होता आणि डोळ्यांत वीस वर्षांत पहिल्यांदाच एक प्रश्न होता, ज्याचं उत्तर त्याला माहीत नव्हतं. ही काय सांगणार?

“येस,” छाया म्हणाली. “ही इज ऑन माय व्हिसा.”

“सॉरी?”

“माय डिपेंडंट.”

हे त्या माणसाला कळलं. त्याने मान डोलावली आणि रेडिओवर सांगून टाकलं, की काळजी नाही, माणसाची मालकीण सापडली.

राजन काहीतरी म्हणाला. पण दात वाजत होते, त्यामुळे ते हो होतं की नाही, ते कळलं नाही.

“गप पडून राहा आता,” छाया म्हणाली आणि चष्मा डोळ्यांवर ओढला. “चहा रफिकभायकडे आहे. खाली गेलं की मिळेल.”

आणि ती पुढे निघाली. घसरगाडी तिच्या मागून.